दम किती लागला आणि वाटलं कसं: व्यायामातले दोन वेगळे आकडे

टेकडी चढणाऱ्याला मध्येच थांबवून "कसं वाटतंय?" असं विचारलं, तर बहुतेकदा "दमलो" असं उत्तर येतं. हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. शरीराला किती कष्ट पडताहेत ही एक गोष्ट झाली. ते कष्ट त्या क्षणी हवेसे वाटताहेत की नकोसे, ही दुसरी. व्यायामाच्या मानसशास्त्रात या दोन्हींसाठी वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत. जिममध्ये आणि दवाखान्यात मात्र बहुधा पहिलीच वापरली जाते. मग व्यायाम कागदावर अगदी बरोबर बसतो आणि माणूस महिनाभरात यायचा बंद होतो.

पहिली पट्टी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची, १९६०च्या दशकातली. ती ६पासून सुरू होते आणि २०वर संपते. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे हिशोब आहे: निरोगी तरुण माणसात आकड्याला दहाने गुणलं की नाडीचे ठोके साधारण मिळतात. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, ९ अगदी हलकं, ११ हलकं, १३ थोडं जड, १५ जड, १७ फार जड, २० म्हणजे याउप्पर शक्यच नाही. मध्यम व्यायाम १२-१३च्या आसपास येतो. पुढे बोर्ग यांनीच ०पासून १०पर्यंतची दुसरी पट्टी केली. दोन्ही पट्ट्या सर्रास वापरात आहेत, त्यामुळे नुसतं "सात" म्हणणाऱ्याला आधी पट्टी कोणती ते विचारावं. एकीवर ७ म्हणजे जवळजवळ आराम, दुसरीवर फार जड. वय वाढलं की दहाने गुणायचा हिशोब चुकू लागतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधाने दाबलेली असते. त्यांच्या बाबतीत मनगटावरच्या घड्याळापेक्षा बोर्गचा आकडाच भरवशाचा.

दुसरी पट्टी चार्ल्स हार्डी आणि जॅक रेजेस्की यांनी १९८९मध्ये मांडली. तिचं नाव फीलिंग स्केल. ती उणे ५पासून अधिक ५पर्यंत जाते. अधिक ५ म्हणजे फार छान, ३ छान, १ बऱ्यापैकी. शून्य म्हणजे ना बरं ना वाईट. खाली उणे १ जरा वाईट, उणे ३ वाईट, उणे ५ फारच वाईट. इथे वेग, घाम, नाडी काहीच विचारायचं नाही. फक्त या क्षणाची चव विचारायची.

हलक्या व्यायामात या दोन आकड्यांचं चांगलं जमतं, म्हणून ते एकच वाटतात. ते वेगळे होतात एका ठरावीक टप्प्यावर. वेग वाढवत नेला की एका क्षणी श्वास अचानक कामापेक्षा जास्त वाढतो. स्नायूंमध्ये लॅक्टेट (जोराच्या श्रमात तयार होणारं द्रव्य) साचायला लागलेलं असतं आणि जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला फुप्फुसं धावत असतात. याला व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड, म्हणजे श्वासाचा उंबरठा, म्हणतात. मोजायला यंत्र नसलं तरी बोलून कळतं: पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता येतंय तोवर आपण अलीकडे आहोत, वाक्याचे तुकडे व्हायला लागले की उंबरठा आला.

श्रमाचा आकडा भार वाढेल तसा चढत जातो. दुसऱ्या आकड्याचं वागणं तसं नाही. उंबरठ्याच्या बरंच खाली असताना बहुतेकांना बरं वाटतं. उंबरठ्याच्या आसपास माणसं विभागली जातात. त्याच वेगाला एकाचा आकडा अधिक ३ तर शेजारच्याचा उणे २. तो ओलांडल्यावर जवळपास सगळ्यांचाच आकडा घसरतो. व्यायामाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पॅन्टेलेमॉन एकेकाकिस यांनी याचं स्पष्टीकरण असं दिलं: खालच्या टप्प्यात आत्मविश्वास, ध्येय, सोबत अशा विचारांचा प्रभाव चालतो, वरच्या टप्प्यात धाप आणि पायांतली आग यांचे थेट संदेश विचारांना बाजूला सारतात. म्हणूनच धापा टाकणाऱ्याला "मन खंबीर करा" असं सांगून फारसं काही होत नाही. तिथे वेग कमी करणं हाच उपाय.

दोन आकडे खरोखर वेगळे आहेत याचा उत्तम पुरावा म्हणजे संगीत. हलक्या आणि मध्यम व्यायामात आवडतं संगीत श्रमाचा आकडा थोडा खाली आणतं. जोर वाढला की ही जादू संपते, १७ तो १७च राहतो. पण त्या १७ची चव मात्र संगीतामुळे थोडी सुधारू शकते. एका गोष्टीचा परिणाम एका पट्टीवर दिसतो आणि दुसरीवर नाही, म्हणजे पट्ट्या दोन आहेत.

फक्त श्रमाचा आकडा बघण्यातून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वजन जास्त असलेल्या नवशिक्यांचं. त्यांचा उंबरठा कमी वेगालाच येतो, कधी कधी नुसत्या भरभर चालण्यातच. एकेकाकिस आणि एरिका लिंड यांनी २००६मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्त्रियांना आधी स्वतःच्या पसंतीच्या वेगाने चालू दिलं, मग त्याच्या १० टक्के जास्त वेगाने चालवलं. सडपातळ स्त्रियांना फारसा फरक पडला नाही. जास्त वजनाच्या स्त्रियांचा आनंद मात्र घसरला. १० टक्के म्हणजे किती? ताशी ५ किलोमीटरऐवजी साडेपाच. "अजून थोडं जोरात, चला!" हे उत्तेजन म्हणून दिलेलं वाक्य इतकंच काम करतं, आणि उद्याची हजेरी घालवतं.

उलट्या बाजूचीही माणसं असतात. बॅडमिंटन खेळणारा १६वर असून अधिक ४ सांगतो. खेळात मध्ये मध्ये उसंत मिळते आणि लक्ष शटलकडे असतं. आणि भिंतीकडे तोंड करून स्थिर सायकल चालवणारा १०वर असून उणे २ सांगतो. याला "तुम्ही जोर कमी करा" हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण त्याचा त्रास श्रमाचा नाहीच. कंटाळा, उकाडा, चावणारा बूट, आरशातलं स्वतःचं रूप, समोरच्यांच्या नजरा, यांपैकी काय आहे ते शोधावं लागतं. एकच आकडा विचारला असता तर हा माणूस "हलका व्यायाम, सगळं ठीक" म्हणून नोंदला गेला असता.

मोजायची रीत सोपी आहे, पण क्रम पाळावा. सुरुवात करण्याआधी, उभं असतानाच, फीलिंगचा आकडा वहीत लिहून ठेवा. पाच मिनिटं हळू चाला. पहिल्या तीन-चार मिनिटांत श्वास अजून स्थिरावलेला नसतो, तेव्हाचे आकडे सोडून द्या. त्यानंतर दर पाच मिनिटांनी आधी श्रम आणि मग फीलिंग, एका श्वासात दोन आकडे: "तेरा, अधिक दोन." श्रमाचा आकडा सांगताना धाप आणि पाय दोन्ही मिळून बघायचं, फक्त पोटऱ्या भरून आल्या असतील तर तसं वेगळं लिहा, चढाच्या रस्त्यावर हे नेहमी होतं. सूर्यनमस्कार घालताना बोलून पाहायची युक्ती चालत नाही, कारण श्वास हालचालीला बांधलेला असतो. तिथे खूण वेगळी: श्वास आणि आसनाची जोडी तुटली, एका आसनात दोन श्वास घ्यावे लागले, की उंबरठ्याजवळ आलात असं धरा. चार-सहा नमस्कारांनंतर प्रणामासनात उभं राहून लगेच आकडे सांगा.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. व्यायाम संपल्यावर विचारलं तर जवळपास प्रत्येक जण "मस्त वाटलं" म्हणतो, मध्ये उणे ३वर असलेलासुद्धा. जोरदार व्यायाम थांबला की काही मिनिटांतच फीलिंग उसळी मारून वर येतं. ते खोटं नसतं, पण बऱ्याच अंशी तो सुटकेचा आनंद असतो, आणि मधली घसरण त्यात लपून जाते. डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये दाखवलं की मध्यम व्यायाम चालू असतानाचं बरं वाटणं पुढच्या सहा आणि बारा महिन्यांतल्या हालचालीशी जोडलेलं होतं. म्हणून आकडा चालू असतानाच घ्यायचा.

दुसरी चूक, आकड्याला गुण समजणं. गटासमोर मोठ्याने विचारलं की काही जण श्रमाचा आकडा कमी सांगू शकतात, काही जण फीलिंगचा जास्त. हळूच विचारावं किंवा आकडे लिहिलेल्या कार्डावर बोट ठेवायला सांगावं.

आता या आकड्यांचं करायचं काय? नवशिक्याने शून्याच्या वर राहावं, जमलं तर अधिक १ ते ३मध्ये, आणि श्रमाचा आकडा जिथे येईल तिथे येऊ द्यावा. शून्याखाली गेलं की वेग थोडा उतरवून दोन मिनिटांनी पुन्हा बघावं. फीलिंग वर आलं तर श्रमच कारण होतं. नाही आलं तर जागा, वेळ, सोबत बदलून बघावी. शेवटही सांभाळावा. झकारी झेन्को, एकेकाकिस आणि डॅन एरियली यांच्या २०१६च्या प्रयोगात १५ मिनिटांची सायकल चढत्या जोराने चालवणाऱ्यांपेक्षा उतरत्या जोराने चालवणाऱ्यांना ती जास्त आनंददायक वाटली, आणि आठवडाभराने आठवतानाही तसंच. याचा अर्थ उठल्याबरोबर पळत सुटा असा नाही. पाच मिनिटं अंग तापवावं, जड भाग त्यानंतर लगेच करावा आणि मग उतरत यावं. बहुतेक वर्गांत शेवटी "आता पूर्ण ताकद लावा" असतं, नेमकं उलटं.

शर्यतीची तयारी करणाऱ्याला उणे ३ अधूनमधून सोसावंच लागतं. त्याचं येणं त्या दिवसाच्या चवीवर अवलंबून नसतं. नैराश्यात असलेल्या माणसाचा आकडा बूट घालतानाच उणे ३ असू शकतो. त्याच्याकडून शून्याची अपेक्षा करू नये; उणे ३चा उणे १ झाला तर तो फेरफटका चांगला गेला, म्हणून सुरुवातीचा आकडा लिहिणं त्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. आणि छातीत दडपण, चक्कर, दंडात कळ यांपैकी काहीही असेल तर दोन्ही पट्ट्या बाजूला ठेवून थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

ही वही तीन-चार आठवडे पुरे. सतत आपल्या धापेकडे लक्ष दिल्याने काहींना धाप जास्तच जाणवते. एकदा अंदाज बसला की वही बंद करावी आणि आजारपणातून उठल्यावर, ऋतू बदलल्यावर किंवा नवा व्यायाम सुरू केल्यावर आठवडाभर पुन्हा काढावी.