चकाकीखालचं पाणी एडिटिंगमध्ये का सापडत नाही

"फिल्टरवर पैसे कशाला घालवायचे, आता सगळं एडिटिंगमध्ये होतं" हे वाक्य फोटो काढणाऱ्या मंडळींकडून हल्ली इतकं सर्रास ऐकू येतं की नवीन शिकणारी पोरं ते खरं धरूनच कॅमेरा घेतात. बऱ्याच फिल्टर्सच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पूर्वी फोटोला पिवळसर झाक द्यायला रंगीत काच लावायचे, ते काम आता व्हाइट बॅलन्सचा स्लायडर एका बोटात करतो. पण एक फिल्टर असा आहे की ज्याचं काम फोटो काढून झाल्यावर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर करू शकत नाही, तो म्हणजे पोलरायझर, लेन्ससमोर लावून फिरवायची एक काच, दुकानात जिला सीपीएल म्हणतात. आणि का करू शकत नाही यामागचं भौतिकशास्त्र मला फार आवडतं, त्यात त्याचा एक धागा थेट आपल्या नागपूरशी येऊन जुळतो, म्हणून हा लेख.

आधी चकाकी म्हणजे काय ते बघू. एक संत्रं उन्हात धरा. सालीवर एक पांढराशुभ्र ठिपका दिसतो आणि बाकी साल नारिंगी. नीट जवळून बघितलं तर सालीवरच्या प्रत्येक बारीक खळग्याच्या कडेलाही असाच पांढरा कण चमकतो. ऊन एकच, साल एकच, मग दोन रंग कसे? कारण सालीवरून येणारा प्रकाश दोन वाटांनी येतो. काही प्रकाश सालीच्या वरच्या गुळगुळीत थरावरूनच परततो, तो आत जातच नाही त्यामुळे त्याला सालीचा रंग लागत नाही, सूर्याचाच पांढरा रंग घेऊन येतो. उरलेला प्रकाश आत शिरतो, तिथे निळा भाग शोषला जातो आणि जे बाहेर पडतं ते आपल्याला नारिंगी दिसतं. पानांचंही असंच, पाण्याचंही असंच, सीताबर्डीतल्या दुकानांच्या काचांचंही असंच. चकाकी म्हणजे वरूनच परतलेला प्रकाश, आणि आपल्याला फोटोत हवा असतो तो बहुतेक वेळा आतून आलेला.

आता फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून पाण्याचा फोटो काढला तर सेन्सरच्या एका पिक्सेलवर दोन्ही प्रकाश एकत्र पडतात. सेन्सर फक्त मोजतो, किती फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण आले. कुठला पाण्यावरून परतला आणि कुठला पाण्यातून आला हे त्याला कळत नाही. आमटीत पडलेलं जास्तीचं मीठ चमच्याने बाहेर काढता येत नाही, तसंच हे, एकदा बेरीज झाली की झाली.

मग लोक म्हणतात की बेरीज झाली तर वजाबाकी करू, धूसरपणा काढणारा डीहेझचा स्लायडर तेच तर करतो. करतो, पण काय किमतीला ते बघा. समजा एका पिक्सेलवर पाण्याच्या आतून १०० फोटॉन आले आणि आकाशाच्या प्रतिबिंबाचे ९००. एकूण १०००. फोटॉन काही रांगेत शिस्तीत येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे आडवेतिडवे येतात, त्यामुळे मोजणीत नेहमी चढउतार असतो आणि तो साधारण एकूण संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १००० चं वर्गमूळ सुमारे ३२. आता सॉफ्टवेअरने ९०० वजा केले तरी हा ३२ चा चढउतार तसाच उरतो, म्हणजे हातात आलं १०० अधिक-उणे ३२, सगळा दाणेदार नॉइज. तेच ९०० फोटॉन मुळात सेन्सरपर्यंत पोचलेच नसते तर १०० अधिक-उणे १० मिळालं असतं, तिप्पट स्वच्छ. आणि चकाकी इतकी जास्त असेल की पिक्सेल भरूनच गेला, म्हणजे जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २५५, तर वजा करायलाही काही उरत नाही. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या फाइलमध्ये, १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून थोडी जास्त सोय असते, पण भरलेला पिक्सेल तिथेही भरलेलाच.

म्हणजे चकाकी सेन्सरच्या आधीच अडवायला हवी. आणि ती अडवता येते, कारण वरून परतलेला प्रकाश आणि आतून आलेला प्रकाश यांच्यात एक फरक असतो जो आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही.

प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राची लाट, हे शाळेत झालंय. यातलं विद्युत क्षेत्र प्रकाशाच्या जाण्याच्या दिशेला काटकोनात हलतं. साध्या उन्हात ते सगळ्या बाजूंना मिसळून हलत असतं, पण हिशेबासाठी आपण त्याचे दोन भाग करू: आडवा, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आणि उभा, म्हणजे त्या आडव्या भागाला काटकोनातला. हा प्रकाश पाण्यात शिरतो तेव्हा पाण्याच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन त्या क्षेत्राबरोबर हलायला लागतात, आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतः प्रकाश टाकतो. पाण्यावरून परत आलेला प्रकाश म्हणून आपण जो बघतो तो या हलणाऱ्या इलेक्ट्रॉन्सनी मिळून टाकलेला असतो. आता मुख्य गोष्ट. इलेक्ट्रॉन ज्या रेषेत हलतो त्या रेषेच्या दिशेने तो अजिबात प्रकाश टाकत नाही, सगळ्यात जास्त टाकतो तो बाजूंना.

आडव्या भागामुळे इलेक्ट्रॉन डावी-उजवीकडे हलतात, आपण समोर उभे, म्हणजे त्यांच्या बाजूला, त्यामुळे त्यांचा प्रकाश आपल्याकडे येतच राहतो. उभ्या भागाची गंमत वेगळी आहे. त्याच्यामुळे इलेक्ट्रॉन पाण्यात शिरून वाकलेल्या किरणाला काटकोनात हलतात. आणि एक कोन असा येतो की पाण्यात गेलेला किरण आणि परतणारा किरण एकमेकांना बरोबर ९० अंशात असतात. तेव्हा इलेक्ट्रॉन हलतात ती रेषा नेमकी परतणाऱ्या किरणाच्या दिशेला येते, आणि त्या दिशेने तर ते काही टाकतच नाहीत! म्हणजे उभा भाग परततच नाही, सगळा पाण्यात जातो, आणि पाण्यावरून जी चकाकी आपल्याकडे येते ती शंभर टक्के आडव्या भागाची. याला ब्रूस्टरचा कोन म्हणतात, स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याचा नियम १८१५ मध्ये मांडला. त्याच्या आधी १८०८ मध्ये पॅरिसला एटिएन-लुई मालुस यांना लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून बघताना हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला होता.

नियम फार सुटसुटीत आहे: त्या कोनाचा टॅन म्हणजे पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा. पाण्याचा १.३३, म्हणून कोन लंबापासून सुमारे ५३ अंश. काठावर उभं राहून कोन कोण मोजत बसणार, पण टॅन असल्यामुळे त्याचा सरळ हिशेब होतो, कॅमेरा पाण्यापासून जितका उंच त्याच्या १.३३ पट पुढचं पाणी बघायचं. कॅमेरा ३ मीटर वर असेल तर ४ मीटर पुढे. काचेचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, कोन ५६ अंश, म्हणजे दुकानाच्या काचेसमोर सरळ उभं न राहता बरंच तिरकं उभं राहायचं.

आता फिल्टर काय करतो ते सोपं आहे. त्यात लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकाच दिशेला ताणून बसवलेल्या असतात, त्या साखळ्यांच्या दिशेने हलणारं विद्युत क्षेत्र शोषलं जातं, काटकोनातलं पार जातं. कडं फिरवून साखळ्या आडव्या केल्या की आडवी चकाकी गेली. फार काटेकोर फिरवायची गरजही नाही, मालुसच्या नियमाप्रमाणे १० अंश चुकलात तरी ३ टक्केच चकाकी निसटते. यात पाण्याच्या आतून येणारा प्रकाशही अर्ध्याहून जास्त जातो, त्यामुळे शटर तिप्पट-चौपट वेळ उघडं ठेवावं लागतं, दीड-दोन स्टॉपचा हिशेब धरावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). फिल्टरच्या मागे अजून एक पातळ थर असतो जो पार आलेल्या प्रकाशाचं क्षेत्र गोल फिरतं करतो, कारण डीएसएलआरमधला अर्धपारदर्शक आरसा सरळ ध्रुवित प्रकाशाने, म्हणजे ज्याचं क्षेत्र एकाच रेषेत हलतं अशा प्रकाशाने, गोंधळतो आणि प्रकाश मोजणारा मीटर, ऑटोफोकस चुकतात. सीपीएलमधला सी, म्हणजे सर्क्युलर, तो हाच. म्हणून तो उलटा धरून बघितला तर काम करत नाही.

आणि आता नागपूर. चंद्रशेखर वेंकट रामन अर्थखात्यात नोकरीला होते तेव्हा १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती, १९११ मध्ये ते पुन्हा कलकत्त्याला गेले. पुढे १९२१ मध्ये ते इंग्लंडहून नारकुंडा बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा तो गडद निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला. तेव्हा लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या माणसाचं मत असं की समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्याकडे निकोल प्रिझम होता, कॅल्साइटचा, म्हणजे त्या काळचा पोलरायझरच. त्यांनी बोटीच्या डेकवरून ब्रूस्टरच्या कोनात पाणी बघितलं आणि प्रिझम फिरवून आकाशाचं प्रतिबिंब घालवून टाकलं. प्रतिबिंब गेल्यावर निळा रंगही जायला हवा होता. तो गेला नाहीच, उलट आणखी गडद झाला! म्हणजे तो रंग पाण्याच्या आतूनच येत होता. बोट मुंबई बंदरात आल्याबरोबर त्यांनी 'नेचर'ला पत्र पाठवलं, रेणूंकडून होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्यावर काम सुरू केलं, आणि तीच वाट २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेली. आज आपल्याला माहीत आहे की पाणी लाल रंग शोषतं आणि उरलेला निळा रेणूंकडून विखुरतो, दोन्ही मिळून तो रंग होतो. गांधीसागर तलावासमोर त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे, शाळेच्या सहली तिथे सतत येतात. त्या पोरांना केंद्रातून बाहेर आणून समोरच्याच तलावावर एक पोलरायझर हातात द्यावा असं मला मनापासून वाटतं. तलावाचा रंग शेवाळामुळे हिरवट निघेल, पण प्रयोग तोच.

शहरात फिरताना याचा उपयोग जागोजागी आहे. पावसानंतर ऑक्टोबरात हवा धुतलेली असते, तेव्हा दीक्षाभूमीचा पांढरा घुमट आणि मागे गडद निळं आकाश असा फोटो मिळतो, कारण आकाशाचा प्रकाशही ध्रुवित असतो, सूर्यापासून ९० अंशावरच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. तर्जनी सूर्याकडे करा, अंगठा तिला काटकोनात ठेवा आणि मनगट फिरवा, अंगठा जिथे जिथे जातो तो पट्टा. मे महिन्यात मात्र धुळीमुळे हा परिणाम बराच मरतो. एडिटिंगमध्ये निळ्या रंगाचा स्लायडर खाली ओढून आकाश गडद करता येतं हे खरं, पण तो स्लायडर आकाशाबरोबर निळी भिंत आणि निळा शर्टही गडद करतो आणि आकाशात नॉइज आणतो. फार वाइड लेन्स असेल तर फिल्टरही वापरू नका, अर्धं आकाश काळपट आणि अर्धं फिकट येतं.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या खिडकीत "कोणीतरी उभं दिसतंय" असे फोटो अधूनमधून फिरतात आणि लोक घाबरूनही जातात. काच आतून अंधारी असली की बाहेरच्या माणसाचं प्रतिबिंब तिच्यावर अगदी आत उभं असल्यासारखं येतं. तिरकं उभं राहून फिल्टर फिरवा, ती आकृती विरून जाईल. फिल्टर फिरवल्यावर जाते ती चकाकी असते, तिच्यासाठी लिंबू-मिरची लागत नाही. आणि तितकंच ठामपणे हेही सांगायला हवं की एआयने प्रतिबिंब काढून देणारी अॅप्स पाण्याखालचं जे दाखवतात ते तिथे असतंच असं नाही, ती अंदाजाने चित्र भरतात. फोटो सुंदर दिसू शकतो, पण तो त्या तळ्याचा राहत नाही.

कोकणात गेलात तर तारकर्लीच्या उथळ पाण्यात तळाची वाळू, हरिहरेश्वरच्या ओल्या काळ्या कातळाचा खरा काळा रंग, हे सगळं याच कोनात मिळतं. लाटा असतील तर पाण्याचा प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात झुकलेला असतो, त्यामुळे चकाकी पूर्ण जात नाही, आडोशाची शांत जागा बघावी. ओहोटीच्या ओल्या वाळूत संध्याकाळचं आकाश उतरलेलं असेल तर मात्र फिल्टर काढून ठेवा, तिथे चकाकी हाच फोटो आहे. इंद्रधनुष्याच्या वेळीही जपून, त्याचा प्रकाश बराच ध्रुवित असतो, कडं चुकीचं फिरवलं तर अख्खा तुकडा गायब होतो. स्टील, क्रोम वगैरे उघड्या धातूची चमक फिल्टरने जात नाही, कारण धातूवरून दोन्ही भाग भरपूर परततात, त्यामुळे बुलेटच्या टाकीवरचा रंग खुलतो पण सायलेन्सर तसाच चमकतो.

मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवली तरी चालतं. गॉगल खरंच तसा आहे का हे बघायला तो लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर धरून फिरवा, एका जागी स्क्रीन काळी झाली की खरा.

आणि एडिटिंगची आवड असलेल्यांसाठी एक प्रयोग, यात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. सकाळी वारा पडलेला असताना अंबाझरी तलावाच्या काठावर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल करा, आणि ब्रूस्टरच्या कोनात दोन फोटो घ्या, एक चकाकी सगळ्यात जास्त असताना, दुसरा सगळ्यात कमी असताना. मग दोन्ही एकमेकांवर लेयर म्हणून ठेवून ब्लेंडिंग मोड डिफरन्स, म्हणजे वजाबाकी, करा. पाण्याच्या आतला प्रकाश दोन्हीत जवळजवळ सारखाच असल्यामुळे तो बहुतेक कटतो आणि उरतं ते मुख्यतः पाण्यावर पडलेलं आकाश, ढगांसकट, तळ आणि शेवाळ जवळजवळ नाहीच. हा थर कमी चकाकीच्या फोटोवर हवा तितका, वीस टक्के, चाळीस टक्के, परत मिसळता येतो, म्हणजे चकाकी किती ठेवायची हे खरोखरच एडिटिंगमध्ये ठरवता येतं, फक्त त्यासाठी काठावर फिल्टर फिरवून दोन फोटो घेतलेले असावे लागतात. रॉमध्ये घ्या, आणि वजाबाकी कॉन्ट्रास्टचे स्लायडर हलवायच्या आधी करा, नाहीतर आकडे जुळत नाहीत.