बाटलीतला गॅस आणि आईचं आंबोळीचं पीठ

माझा मावसभाऊ मूळचा बेळगावच्या शहापूरचा, आता जर्मनीत असतो आणि तिकडे घरीच बिअर करतो. (इकडे कर्नाटकात लायसन्सशिवाय घरी बिअर करता येत नाही, कुणी प्रयोग करायला जाऊ नका.) नोव्हेंबरात त्याचा व्हिडिओ कॉल आला, चेहरा पार उतरलेला. बाटल्या भरून पाच दिवस झाले, एक उघडली तर फुस्स पण झालं नाही. माझी आई मागून म्हणाली, "अरे थंडी पडलीय की तिकडं, हितं डिसेंबरात आंबोळीचं पीठसुद्धा रात्रभरात फुगत नाही, उबेला ठेवावं लागतंय." तो म्हणाला, "होय मावशी, बाटल्या तळघरात आहेत, १३ डिग्री."

तिथंच सगळं उत्तर आलं.

बिअर तयार झाली तरी तिच्यात यीस्टच्या लाखो पेशी शिल्लक असतात, साखर संपली म्हणून गप्प बसलेल्या. बाटली भरताना थोडी साखर घालून झाकण घट्ट लावलं की त्या परत कामाला लागतात, साखर खातात, थोडं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. १ ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम गॅस निघतो. लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास साखर पुरते, म्हणजे ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीला जेमतेम एक चहाचा चमचा! एवढ्याशा साखरेनं सगळा फेस येतो हे मला अजून नवल वाटतं.

आता दिवस किती, तर २० डिग्रीला दोन ते तीन आठवडे धरा, २५ च्या आसपास असेल तर आठ-दहा दिवसात बरंच काम होतं, आणि १५ च्या खाली यीस्ट इतकं सुस्तावतं की महिना पण कमी पडतो. बिअर जास्त कडक असेल तर अजून वेळ, कारण जादा अल्कोहोलनं यीस्टच दमलेलं असतं.

पण यीस्टचं काम संपलं म्हणजे बिअर तयार असं नाही, इथं बरेच जण फसतात. गॅस बिअरमध्येच तयार होतो, त्यातला थोडा झाकणाखालच्या मोकळ्या जागेत साठतो, तिथला दाब वाढेल तसा बाकीचा बिअरमध्ये विरघळून राहतो. दाब जास्त तेवढा विरघळलेला गॅस जास्त, हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्रीनं १८०३ मध्ये मांडलं. थंड द्रवात तो अजून जास्त मावतो, म्हणून उघडायच्या आधी बाटली एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायची. मात्र गॅस धरायच्या आधीच फ्रीजमध्ये टाकली तर यीस्ट झोपतं आणि बिअर तशीच सपक राहते.

दाब किती असतो म्हणाल तर २० डिग्रीला जवळजवळ कारच्या टायरमधल्या हवेइतका. आपल्या गोटी सोड्याच्या बाटलीची काच एवढी जाड असायची ती उगाच नाही, त्यातली गोटी आतल्या गॅसच्या दाबानंच तोंडाशी घट्ट बसते. म्हणून उशीर होतोय म्हणून साखर वाढवणं हा सगळ्यात धोक्याचा उपाय, बाटली फुटली तर काचा डोळ्यात जातात. पहिलं आंबवणं (बाटलीत भरायच्या आधीचं) पुरतं संपायच्या आत बाटल्या भरल्या तरी हेच होतं.

भावाला मी एवढंच सांगितलं, क्रेट वर आण, हॉलमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यात ठेव, बाटल्या हळूच उलट्यासुलट्या कर म्हणजे तळाला बसलेलं यीस्ट वर येईल, आणि तीन आठवडे हात लावू नको. पुढच्या वेळी एक प्लास्टिकची बाटली पण भर, ती दाबून बघितली की न उघडता कळतं. बाविसाव्या दिवशी त्यानं फोटो पाठवला, ग्लासात दोन बोटं फेस होता, आणि खाली लिहिलेलं, "मावशीला दाखव."