पिकअप वाहने, जुनी : मूळबरहुकूम पुनर्बांधणी (मुंबई)

पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि साधारण अर्धा ते एक टन भारक्षमता असलेल्या जुन्या मालवाहू गाड्या कारखान्यातून निघाल्या त्या स्थितीच्या शक्य तितक्या जवळ आणण्याचे काम. मुंबईत ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या शेव्हरोले, फोर्ड, डॉज व फार्गो गाड्यांवर होते.

मुंबईच्या गाडीची मूळ स्थिती कोणती, हा या कामातील सर्वांत वादाचा मुद्दा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून येत आणि गाडी येथे उभी राही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (स्थापना १९४४) कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज व फार्गो गाड्यांची जुळणी १९४७ च्या सुमारास सुरू केली. देशी उत्पादनाचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी काम आवरावे, असे सरकारी धोरण पुढे ठरले आणि शिवडीचा कारखाना बंद झाला. त्याचे वर्ष कोठे १९५३, कोठे १९५४ दिलेले आढळते. दुसरे अधिक ग्राह्य वाटते. शिवाय मालवाहू गाड्यांची नुसती चेसिस घेऊन बॉडी स्थानिक कारागिरांकडून बांधून घेण्याची रीत होती. त्यामुळे अमेरिकी कारखान्याच्या पुस्तिकेत नसलेला सागवानी हौदा एखाद्या गाडीचा पहिलाच हौदा असू शकतो. तो उपटून अमेरिकेहून मागवलेला हौद्याचा संच बसवावा, असे पुस्तिका प्रमाण मानणाऱ्यांचे म्हणणे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फीवा) २०१२-१३ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनद मात्र गाडीच्या आयुष्यात झालेले बदलही तिच्या इतिहासाचा भाग मानते. मुंबईच्या गाड्यांना हीच दृष्टी अधिक लागू पडते.

इंजिनाबाबतचा वाद अधिक तांत्रिक आहे. शेव्हरोलेच्या १९४७ मध्ये आलेल्या पिकअप मालिकेत सुरुवातीला २१६ घन इंची, सहा सिलिंडरचे इंजिन होते. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये (दट्ट्याला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यात) सुट्या बेअरिंगऐवजी व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. रॉडच्या टोकाचा चमचा तळाच्या पन्हाळीतील तेल उडवतो. वेग वाढला की नळीतून येणारी तेलाची धार थेट त्या चमच्यावर पडते. झीज झाली की मधले शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) काढून रॉड पुन्हा आवळतात. शिम संपले की जुना धातू वितळवून काढणे, कल्हई करणे, नवा ओतणे आणि लेथवर बोअर करणे एवढा खटाटोप. तो टाळण्यासाठी १९५४ पासूनचे २३५ घन इंची, पूर्ण दाबाने तेल फिरवणारे इंजिन बसवतात. सवय नसलेल्या नजरेला दोन्ही सारखीच वाटतात, पण डॅशबोर्ड चुगली करतो : जुन्या तेलदाबमापकाची पट्टी ३० पर्यंतच असते आणि नव्या इंजिनावर काटा शेवटच्या खुणेला जाऊन चिकटतो. इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्यांत अडचण वेगळीच. तेथे आरसी बुकातील इंजिन क्रमांकापासून सगळे जुळवत यावे लागते.

पत्र्याचे काम येथे खाऱ्या, दमट हवेने ठरते. केबिनचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा आणि पायदान आधी सडतात. सडका भाग कापून नवा पत्रा जोडणे योग्य. पुट्टी भरून गुळगुळीत केलेली गाडी दोन पावसाळ्यांत फुगते. लॅकर (थिनर उडून सुकणारा रंग) मारायचा असल्यास जून ते सप्टेंबर टाळतात, कारण थिनर उडताना थंड झालेल्या पत्र्यावर हवेतील बाष्प बसून रंग पांढुरका पडतो. हौद्याच्या फळ्या मधल्या लोखंडी पट्ट्यांनी दाबलेल्या असतात. पट्ट्या शाबूत असतील तर त्याच पुन्हा वापरतात. वायरिंग ६ व्होल्टचे असते. ते १२ व्होल्टचे करणे परत फिरवता येते, म्हणून सहसा खपते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी वाहनास ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून नोंदणी १० वर्षे चालते. अशा वाहनाचा व्यावसायिक वापर करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच ते रस्त्यावर आणता येते.