संगीतकोश छापील खंडांतून ऑनलाइन कसे गेले: ग्रोव्ह आणि एमजीजी

कोश छापायचा म्हणजे ए पासून निघायचं आणि झेड पर्यंत जायचं, आणि झेडला पोचेपर्यंत ए जुना झालेला असतो. मोठ्या संगीतकोशांचा जवळजवळ सगळा इतिहास या एकाच दुखण्याभोवती फिरतो असं मला वाटतं. ते ऑनलाइन का गेले हे समजून घ्यायचं तर आधी हे दुखणं किती जुनं आहे ते बघायला हवं.

इंग्रजीतला सगळ्यात नावाजलेला संगीतकोश म्हणजे ग्रोव्ह. तो सुरू करणारे जॉर्ज ग्रोव्ह शिक्षणाने इंजिनियर, जमैका आणि बर्म्युडात त्यांनी बिडाची दीपगृहं उभारली होती, पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे सेक्रेटरी झाले आणि तिथल्या मैफिलींसाठी माहितीपर टिपणं लिहायला लागले. माणूस प्रचंड चिकाटीचा. १८६७ मध्ये ते आणि संगीतकार आर्थर सलिव्हन व्हिएन्नाला गेले आणि एका कपाटात धूळ खात पडलेलं संगीतकार शूबर्टच्या 'रोझामुंड' या नाटकासाठीच्या संगीताचं वादकांसाठीचं हस्तलिखित त्यांनी शोधून काढलं, आणि मग रात्री उशिरापर्यंत बसून उतरवून घेतलं. अशा माणसाने कोश काढला तर तो आटोपशीर राहणार कसा! ठरले होते दोन खंड, झाले चार. पुस्तकरूपात पहिला खंड १८७९ चा आणि चौथा १८८९ चा, म्हणजे दहा वर्षं, आणि त्या शेवटच्या खंडातच दुरुस्त्या आणि राहून गेलेल्या गोष्टींची पुरवणी जोडावी लागली. कोश पूर्ण झाला त्याच दिवशी तो अपुरा होता.

जर्मनीत हीच गोष्ट आणखी मोठ्या प्रमाणावर झाली. 'डी म्युझिक इन गेशिश्टे उंड गेगेनवार्ट', सगळे नुसतं एमजीजी म्हणतात, कासेलच्या बेरेनरायटर प्रकाशनाने काढला, संपादक फ्रीडरिश ब्लूमे. १९४९ ते १९६८ मध्ये चौदा खंड, मग १९७० च्या दशकात पुरवणीचे दोन, आणि सूचीचा खंड थेट १९८६ मध्ये. युद्ध संपून चार वर्षं झाली होती तेव्हा सुरू झालेलं काम, सूची हातात येईपर्यंत वाचकांची एक पिढी उलटून गेली. दुसऱ्या आवृत्तीत (संपादक लुडविग फिन्शर, १९९४ ते २००८) त्यांनी विषय वेगळे आणि व्यक्ती वेगळ्या असे दोन भाग केले. सोय झाली खरी, पण वेळ चौदा वर्षं लागलाच.

ग्रोव्हकडे परत येऊ. १९८० मध्ये स्टॅन्ली सेडी यांच्या संपादनाखाली 'न्यू ग्रोव्ह' आला, वीस खंड, बावीस हजारांहून जास्त नोंदी, आणि खंडाखंडाने न येता सगळा संच एकदम. त्यात हॅरल्ड पॉवर्स यांनी 'मोड' (सुरावटीचे ठरलेले साचे) वर लिहिलेला लेख तर स्वतंत्र पुस्तकाच्या तोडीचा आहे, युरोपातल्या चर्चसंगीतापासून आपल्या रागांपर्यंत सगळं एका चौकटीत घेऊन केलेला विचार. पण याच आवृत्तीत डाग हेन्रिक एसरुम-हेलेरुप नावाच्या डॅनिश संगीतकाराची नोंदही छापली गेली, आणि असा माणूस कधी नव्हताच, कुणीतरी ती गंमत म्हणून घुसवली होती. नंतरच्या छपाईतून ती काढली, पण ज्या लायब्ररींनी आधीचे संच घेतले तिथे ती कपाटात राहिलीच. छापलेलं परत बोलावता येत नाही.

मग आलं २००१. ग्रोव्हची नवी आवृत्ती जानेवारीत निघाली, एकोणतीस खंड, आणि त्याच वेळी वेबवरही. छापील संचात गडबड झाली होती, स्ट्राविन्स्कीच्या रचनांच्या यादीचा भाग आणि वाग्नरच्या संदर्भसूचीचा भाग गळाला, ते दोन खंड दुरुस्त करून परत काढावे लागले. आणि ४ फेब्रुवारी २००१ ला यानिस झेनाकिस वारले. म्हणजे नव्या कोऱ्या खंडात विसाव्या शतकातल्या इतक्या मोठ्या संगीतकाराच्या मृत्यूची तारीखच नाही! वेबवर अशी तारीख घालायला पाच मिनिटं पुरतात, छापील खंडात ती पुढच्या आवृत्तीशिवाय येऊ शकत नाही. छापील की ऑनलाइन या वादाचं उत्तर मला या एका उदाहरणातच मिळतं.

तरी पानं उचलून स्क्रीनवर ठेवली की झालं असं नव्हतं. संगीतकोशातला सगळ्यात मौल्यवान भाग म्हणजे रचनांच्या याद्या, आणि त्या जागा वाचवण्यासाठी इतक्या आवळून छापलेल्या असतात की प्रत्येक ओळीत चार-पाच संक्षेप. ब्रिटिश लायब्ररीतलं हस्तलिखित असेल तर नुसतं जीबी-एलबीएल असं लिहिलेलं, त्याचा अर्थ खंडाच्या सुरुवातीच्या तक्त्यात बघायचा. छापील पुस्तकात एक बोट तक्त्यात आणि एक यादीत ठेवून वाचता येतं, स्क्रीनवर तो तक्ता लिंकने जोडून दिला नाही तर वाचणारा अडकतो. याद्यांचे रकाने, स्वरलिपीची उदाहरणं, 'अमुक नोंद पहा' म्हणणारे हजारो निर्देश, हे सगळं सांभाळून न्यायला संगीत कळणारी माणसंच लागतात.

२००३ मध्ये ग्रोव्ह मॅकमिलनकडून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेला, २००८ मध्ये ऑक्सफर्ड म्युझिक ऑनलाइनचा भाग झाला. एमजीजी ऑनलाइन २०१६ मध्ये आला, बेरेनरायटर आणि मेट्झलर ही दोन प्रकाशनं आणि न्यूयॉर्कची रिल्म ही संस्था यांनी मिळून केला. रिल्म १९६६ पासून संगीतावरच्या लेखनाची सूची करतेय, त्यामुळे डेटाबेस म्हणजे काय हे त्यांना नव्याने शिकावं लागलं नाही. एमजीजीने एक गोष्ट फार चांगली केली, लेख बदलला तरी त्याचं आधीचं रूप बघायला मिळतं. अभ्यासकाने ज्या मजकुराचा हवाला दिला तोच उद्या गायब झाला तर त्या हवाल्याला काही अर्थ राहत नाही, म्हणून हे महत्त्वाचं.

आणि ऑनलाइन आहे म्हणजे ताजं आहे असं धरून चालू नका. ग्रोव्हमध्ये अजूनही कितीतरी लेखांवर २० जानेवारी २००१ हीच तारीख दिसते, म्हणजे ते छापील आवृत्तीतून आले तसेच आहेत. लेख नव्याने लिहायला त्या विषयातला जाणकार लागतो, त्याला वेळ लागतो, मानधन लागतं, आणि हा खर्च निघतो लायब्ररींच्या वर्गणीतून. छापील संच एकदा घेतला की लायब्ररीचा झाला, वर्गणी थांबली की मात्र दार बंद. म्हणून ज्यांच्याकडे जुने खंड आहेत त्यांनी ते रद्दीत काढू नयेत असं मी आवर्जून म्हणेन, आणि लेख उघडलात की वरची तारीख आधी वाचा.