चर्चच्या फरशीवर मोजलेला सूर्य

गॅलिलिओचं नाव निघालं की ‘चर्च म्हणजे विज्ञानाचा शत्रू’ हे वाक्य ठरलेलंच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडल्याबद्दल १६३३ साली त्याच्यावर खटला चालला, उरलेलं आयुष्य त्याने नजरकैदेत काढलं. हा धडधडीत अन्याय होता. पण त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी, पोपच्याच अमलाखालच्या, इटलीतल्या बोलोन्या शहरात, सान पेत्रोनिओ चर्चच्या छतात मुद्दाम भोक ठेवून सूर्य मोजला गेला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

गरज धार्मिकच होती. ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतरच्या, पौर्णिमेपुढचा पहिला रविवार. आपण अधिक मास घालून चंद्र-सूर्याचा मेळ घालतो, तशीच ही कसरत. जुन्या पंचांगातलं वर्ष सुमारे अकरा मिनिटांनी मोठं होतं. ती चूक साचत गेली आणि १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर करावा लागला. संपात अचूक मोजायला उंच, अंधारी आणि न हलणारी इमारत हवी. चर्च तयारच होतं.

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठच्या झाडांखाली दुपारी उभं राहून जमिनीकडे नीट पाहा. पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसे गोल पडतात. ती सूर्याची चित्रं असतात. पाच मीटर उंचीवरच्या फटीतून साधारण पाच सेंटिमीटरचा सूर्य उतरतो. सान पेत्रोनिओत खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६५५ साली भोक ठेवलं सत्तावीस मीटरवर आणि फरशीवर सुमारे सदुसष्ट मीटरची दक्षिणोत्तर रेघ आखली. रोज माध्यान्ही सूर्यबिंब ती रेघ ओलांडायचं.

आता खरी गंमत. उन्हाळ्यात सूर्य आकाशात थोडा हळू सरकतो. जुनं मत असं की त्याचा वेग कायम सारखाच, तो लांब जातो म्हणून मंद वाटतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लर म्हणाला, यात अंतराचा वाटा निम्माच. उरलेली मंदगती खरीखुरी आहे. आकाशात दिसणारा वेग दोन्ही हिशेबांत सारखाच येतो, म्हणून नुसत्या वेगावरून निवाडा होत नाही. बिंबाच्या आकारावरून मात्र होतो. जुनं मत खरं, तर जानेवारी आणि जुलैच्या बिंबांत सुमारे दोन कलांचा फरक पडायला हवा. केप्लर खरा, तर एकाच कलेचा. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. कॅसिनीचं माप केप्लरच्या बाजूने पडलं.

यावरून पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नाही. कोण कुणाभोवती फिरतं, हे बिंबाचा आकार सांगत नाही. गॅलिलिओचा ग्रंथही बंदीच्या यादीतून सुटला तो १८३५ च्या आवृत्तीत.

पण चर्चच्या फरशीवरही निवाडा झाला तो मोजमापाने, पोथीने नव्हे. म्हणून धर्मग्रंथात विज्ञान शोधण्याचा सोस मला पटत नाही, मग ते बायबल असो की आपल्या पोथ्यांतली विमानं. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या सिद्धांताची सांगड सृष्टीनिर्मितीशी घातली, तेव्हा ती त्यालाच रुचली नाही. त्याचं गणित आकाशगंगांच्या वेगांवर उभं होतं आणि त्याला आधार हवा होता तो निरीक्षणांचा.