मॅकबुक घेण्याआधी गेमची चिठ्ठी आणा

कापसाचा चुकारा हातात आला, की आमच्या लॅपटॉपच्या दुकानात काउंटरवर एकच प्रश्न येतो : "भाऊ, ॲपलचा लॅपटॉप घेऊ का? पोरगं कॉलेजचं काम करीन, अन् थोडे गेमही खेळीन." घ्यायच्या आधी विचारणाऱ्यांचं काम दहा मिनिटांत होतं. अडचण होते ती घेऊन झाल्यावर येणाऱ्यांची.

मागच्या उन्हाळ्यात दारव्ह्याकडचे एक कास्तकार मुलाला घेऊन आले. मॅकबुक एअर ऑनलाइन मागवलेलं, कीबोर्डवरचा पांढरा कागदही तसाच. मुलाला व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह हे गेम हवे होते. "यात विंडोज टाकून द्या." होत नाही म्हटल्यावर वडील म्हणाले, "काहून नाही होत? एवढे पैसे मोजले ना!"

काहून होत नाही, ते इथे लिहून ठेवतो. 2020 पर्यंतच्या मॅकमध्ये इंटेलचा प्रोसेसर असायचा आणि ॲपलचीच बूट कॅम्प ही सोय वापरून त्यात विंडोज टाकता यायचं. त्या वेळचे व्हिडिओ पाहून लोक आजही तेच मागतात. नोव्हेंबर 2020 मध्ये इंटेलच्या जागी ॲपलची स्वतःची एम1 चिप आली. ती वेगळ्या जातीची, आणि तिच्यावर बूट कॅम्प नाही. पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर विकत घेऊन मॅकच्या आत विंडोज चालवता येतं. ऑफिसची हलकी कामं त्यात निघतात. पण खेळातली लबाडी पकडणारी व्हॅलोरंटची यंत्रणा अशा विंडोजला दारातूनच परत पाठवते. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह मॅकसाठी निघालेलेच नाहीत. काउंटर-स्ट्राइक 2 सुद्धा 2023 मध्ये आलं ते मॅकला वगळूनच. हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअरही विंडोजचंच.

म्हणून नवीन मॅकबुक विंडोज टाकण्यासाठी आम्ही ठेवून घेत नाही. काहींना राग येतो. पण दोन दिवस मशीन अडकवून, पैसे घेऊन शेवटी "नाही जमलं" म्हणणं आम्हाला पटत नाही.

मशीन मात्र चांगलं आहे. एम4 चिपचं मॅकबुक एअर मार्च 2025 मध्ये आलं, तेव्हा 99,900 रुपयांपासून होतं. 16 जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी मेमरी, आणि व्हिडिओ पाहिला तर कंपनी 18 तासांपर्यंत बॅटरी सांगते. आपल्याकडे दुपारी लाइन गेली तरी अभ्यास थांबत नाही, हे फार मोठं सुख आहे. माइनक्राफ्ट चालतं. फार्मिंग सिम्युलेटर 22 सुद्धा मॅकवर आहे, त्यात कापूसही पेरता येतो. मुलाचे गेम एवढेच असतील तर खुशाल घ्या, आम्हीच मागवून देऊ.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. रॅम नंतर वाढत नाही, ती चिपसोबतच बसवलेली असते. जेवढी लागेल तेवढी पहिल्याच दिवशी घ्या. आणि एअरमध्ये पंखा नाही. ॲपल स्वतः 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते, आपला मे महिना 45 चा. तापलं की मशीन आपोआप हळू होतं, गेममध्ये ते लगेच जाणवतं. कूलरच्या खोलीत बसा, पण कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. ती हवा ओली असते.

व्हॅलोरंट, जीटीए हवंच असेल, तर याहून कमी पैशात गेमची चित्रं पेलणारं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप येतो. बॅटरी कमी चालते, वजन जास्त, पंख्याचा आवाजही होतो. नंतर रॅम वाढवायला आत जागा रिकामी आहे का, हे आम्ही विकण्याआधी पाहून सांगतो, कारण सगळ्याच मॉडेलमध्ये ती नसते.

म्हणून येताना मुलाला सोबत आणा आणि त्याच्याच हाताने एका चिठ्ठीवर लिहून आणा : कोणते गेम, कोणतं सॉफ्टवेअर, बजेट किती. चिठ्ठी पाहून सल्ला देण्याचे आम्ही पैसे घेत नाही, मग लॅपटॉप कुठूनही घ्या. फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी निवांत बोलणं होत नाही.