ऊदही नाही, मांजरही नाही

कौलारू घराच्या माळ्यावर रात्री दडदड पळणारं आणि पहाटे पायवाटेवर भेर्ली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा टाकून जाणारं जनावर म्हणजे कांडेचोर. पुस्तकी नाव उदमांजर. यातला ऊद म्हणजे पाणमांजर, ते वंशाने कुत्र्या-अस्वलांच्या बाजूचं. मांजर दुसऱ्या बाजूचं. आणि हा प्राणी दोन्हींपैकी एकही नाही. मसण्या ऊद हे तिसरं नाव तर बिचाऱ्याला थेट स्मशानात नेऊन बसवतं.

शास्त्रज्ञांचा घोळ काही कमी नव्हता. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 साली 'व्हायव्हेरा' ही प्रजाती मांडली, तेव्हा उदमांजराच्याच गोतातल्या जवादी मांजराच्या शेजारी मुंगूस आणि चक्क अमेरिकेतला दुर्गंधी फवारणारा स्कंकही नेऊन बसवला. 1777 मध्ये पालासने कांडेचोराला 'हर्माफ्रोडिटा', म्हणजे उभयलिंगी, म्हटलं. कारण नर-मादी दोघांच्याही शेपटीखालच्या गंधग्रंथी वृषणांसारख्या दिसतात. समजूत चुकीची होती, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. 1821 साली ग्रेने 'व्हायव्हेरिडी' हे कूळ केलं. पुढची दोनशे वर्षं ही अडगळीची खोली आवरण्यातच गेली म्हणा ना.

आवरायला खरी सुरुवात झाली ती कवटीच्या तळापासून. 1869 मध्ये फ्लॉवरने मांसभक्षकांच्या कानामागची हाडाची फुगीर डबी तपासली. मांजर, उदमांजर, मुंगूस, तरस यांच्या डबीत पडदा असतो आणि तिचे दोन कप्पे पडतात. अस्वलांच्या डबीत तसं नसतं. तरसाची चण कितीही कुत्र्यासारखी असो, डबीने त्याला मांजरांच्या बाजूला आणलं.

मुंगसाचा वाद जास्त चिघळला. जवादी मांजराची गंधग्रंथी जननेंद्रियाजवळ असते, मुंगसाला ती नसतेच. त्याची गंधाची पिशवी गुदद्वाराशी. याच कारणांवरून पोकॉकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंगसांचं कूळ वेगळं मागितलं, तरी 1945 मध्ये सिम्पसनने ती उदमांजरांतच ठेवली. आपल्याकडे मुंगसाला मांजर म्हणायचं कधी कुणाला सुचलं नाही, ते बरंच झालं.

मग आला डीएनए. एकट्या 2003 मध्ये दोन धक्के बसले. मादागास्करचा फोसा हा मांसभक्षक आणि त्याचे भाऊबंद एकाच पूर्वजाचे, मुंगसांच्या जवळचे निघाले. ईशान्य भारतातही आढळणारं ठिपकेवालं लिनसँग हे सडपातळ जनावर उदमांजर नसून मार्जारकुळाचं सर्वांत जवळचं नातेवाईक ठरलं. आफ्रिकेतलं नँडिनिया हे उदमांजरासारखं दिसणारं जनावर तर या सगळ्यांच्या आधीच फुटलेली फांदी. त्याच्या कानाची डबी प्रौढपणीही पुरती हाडाची होत नाही.  

मुंगसांसकट एवढं सगळं काढून उदमांजरांच्या कुळात तीसेक जाती उरल्या आहेत. त्यातही मलबारी जवादी मांजराचं कोडं आहेच. 1862 मध्ये ब्लिथने त्याचं नामकरण केलं. 1987 साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात त्याची कातडी मिळाली. काही अभ्यासकांना मात्र शंका आहे की ही वेगळी जातच नव्हे, तर जवादी या सुगंधी द्रव्यासाठी दुसरीकडून आणून पाळलेल्या मोठ्या ठिपक्यांच्या जवादी मांजरांचीच ही पिलावळ असावी.